कडेने धर

वृंदा,
कपाटाची किल्ली आता तांदळाच्या डब्यात नसते,
ती तुझ्या आईच्या वेळची गोष्ट.
आता ती जुन्या चष्म्याच्या घरात असते,
आणि ते घर कुठे आहे हे रोज मलाच शोधावं लागतं.

लिहायला बसलो त्याला कारण कान्हेरे.
त्यांचं तेरावं बुधवारी झालं.
गुरुवारी रेवाच्या पैंजणाला टाका लावायला
सराफ्यात गेलो,
तर नेमीचंदच्या तराजूत कान्हेरे.

म्हणजे त्यांची चाळीस वर्षं:
सूर्यमुखी रुपये, बेलपानाचे रुपये,
देवास, धार, उज्जैन, जिथे जिथे बस थांबली
तिथून उचललेले.
तीन किलो दोनशे आणि काहीतरी.
मुलाचं संध्याकाळचं विमान होतं.
"बाबूजी, चाँदी तो चाँदी है," नेमीचंद म्हणाला,
आणि पाकिटं, ती बोटभर पाकिटं,
ज्यांवर त्यांच्या मुंगीएवढ्या अक्षरात
साल, टांकसाळ, कुणाकडून, कितीला,
ती सगळी पायाशी टोपलीत.

मी पाकिटं मागितली.
त्याने फुकट दिली, वर पिशवीही दिली.

रात्री त्याच ओट्यावर गराडू तळत होते.
मला त्यात काही वाईट दिसलं नाही.
एक द्रोण खाल्ला,
जिरावण जरा जास्तच टाकून.

तर आता माझं.
घासू नकोस. पितांबरीने तर नाहीच.
काळं दिसतं तो मळ नव्हे,
दीडशे वर्षांची हवा आहे ती,
आणि पैसे मिळतात ते त्या हवेचेच.
कडेने धर.
चेहऱ्यावर अंगठा ठेवू नये, कुणाच्याच.

निनाद म्हणतो, फोटो काढा, महिन्यात सगळं विकलं जाईल.
बरोबर आहे त्याचं.
संग्रहालयातही विचारून आलो.
बाई सज्जन. म्हणाल्या,
"काका, अशा तीन पेट्या आहेत आधीच,
उघडायला माणूस नाही."
चहा पाजला. मीही पेटीचा विषय मग काढला नाही.

लाल फडक्यात अकरा रुपये आहेत, कडीवाले.
टाक्याचा डाग म्हणून मी ते
नेहमी अर्ध्या भावात मागितले, नाक मुरडून.
महूकडच्या कुणा बाईच्या गळ्यात होते ते;
राजाचं नाव घामाने पुसलं आहे, तिचं तर कधी नव्हतंच.
हे विकू नकोस. ओवून घे.
सोनार हसला तर हसू दे.

बाकीच्यांची यादी वहीत आहे,
भाव पेन्सिलीने लिहिलेत, कारण उतरतात.

आता सतरा नंबर. नंदीचा अर्धा आणा.
खोटा आहे तो.
कान्हेऱ्यांनी माझ्या साठीला दिलेला.
भिंगाखाली बघ, कडेला बुडबुडे दिसतील, ओतीव आहे.
मी तेव्हाच ओळखलं,
आणि "वा, काय नग आहे" म्हणालो.
बावीस वर्षं म्हणत आलो,
त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

गुरुवारी रात्री पाकिटं चाळताना
एक सापडलं, आधीपासूनच रिकामं असणार ते,
घडी दुमडून गुळगुळीत झालेली:
"नंदी. नकली. भालूला द्यावा.
बघू ओळखतो का."

वृंदा, दर दिवाळीला ते मला विचारायचे,
"नंदी कसा आहे?"
आणि मी म्हणायचो, "छान आहे."

तो पाकिटात परत घातला आहे,
त्यांच्या पाकिटात, माझ्या नाही.
विकता येत नाही, खोटा आहे.
टाकून द्यावा तर तेवढाच एक
दोघांपैकी कुणी वजन करून घेतलेला नाही.
अशा एखाद्याला दे
ज्याला कळेल, आणि बोलता येणार नाही.
नाही सापडला कुणी, तर राहू दे.

खाली सही केली आहे.
तारीख टाकलेली नाही.
साल नसलं की नग वजनावर जातो,
हे मला कुणी शिकवायला नको.